उंच ग्लासातलं दूध, पोचट संत्रं आणि तिच्या पंधरा विती

ताई, मुलगी साडेचार वर्षांची आहे, तेवढंच दूध उंच ग्लासात ओतलं की 'जास्त झालं' म्हणते आणि समजावून ऐकत नाही, मापं शिकवायला भिंतीवर सेंटिमीटरचा तक्ताही लावलाय, असं तुम्ही लिहिलंय. काळजी करू नका, तिचं वयच तसं आहे. ज्याँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने मुलांसोबत नेमका हाच प्रयोग केला होता. साधारण सहा-सात वर्षांपर्यंत बहुतेक मुलं उंची पाहूनच उत्तर देतात. तिला खोडून काढू नका. आंघोळीच्या वेळी मग, गडू, वाटी द्या आणि ओताओत करू द्या.

मी नागपुरात बरीच वर्षं बालवाडीत शिकवलं. माझ्या मते आपण शब्दांतच कमी पडतो, सगळं 'मोठं-छोटं'वर भागवतो. दोरी लांब असते, डबा उंच असतो, पिशवी जड असते. हे शब्द घरात रोज कानावर पडू द्या.

गोकुळपेठेच्या बाजारात तिला सोबत न्या. सैल सालीचं एक मोठं पोचट संत्रं घ्या आणि घट्ट सालीचं एक लहान. जड कोणतं विचारा, ती मोठ्याकडेच बोट दाखवेल. मग दोन्ही तिच्या हातांत द्या. माझ्या वर्गातल्या एका मुलाने तीनदा हात बदलून पाहिले आणि शेवटी दोन्ही संत्री माझ्यापुढे धरून म्हणाला, "बाई, तुम्ही पाहा नं!" घरी हँगरच्या दोन टोकांना सारख्या पिशव्या अडकवल्या की तराजू तयार.

मग वीत. ओटा तुम्ही मोजा, तीही मोजेल. तुमच्या नऊ भरतील, तिच्या पंधरा. "कोणाचं बरोबर?" यावर भांडण होईल, होऊ द्या. दोघींचंही बरोबर आहे, हात वेगळे आहेत. आता लाटण्याने मोजा म्हणजे दोघींचं उत्तर जुळेल. फक्त मधे फट राहू नये, एकावर एक येऊ नये, एवढं पाहा.

पट्टी पहिली-दुसरीत. तेव्हाही मुलं एकच्या खुणेपासून मोजतात, शून्य विसरतात. सीताबर्डीकडे गेलात की झिरो माइलचा, म्हणजे इंग्रजांच्या काळी अंतरं मोजण्यासाठी उभारलेला खांब आणि त्याजवळचे चार घोडे दाखवा, नावातलं शून्य तिच्या लक्षात राहील. तोवर सेंटिमीटरचा तो तक्ता भिंतीवरून काढून ठेवा.