'मुहद्देरात' म्हणजे कोण?

प्रश्न असा आहे की, १८६९ साली इस्तंबूलमध्ये 'तेरक्की' या वृत्तपत्राने स्त्रियांसाठी 'तेरक्की-इ मुहद्देरात' नावाची साप्ताहिक पुरवणी काढली. त्यातली 'तरक्की' ओळखू येते, पण 'मुहद्देरात' अरबी कोशात शोधल्यास 'अमली पदार्थ' असा अर्थ सापडतो, तो येथे कसा लावावा?

तो अर्थ येथे लागत नाही, कारण शब्द निराळा आहे. अरबीत 'खिद्र' म्हणजे पडदा, किंवा पडद्याआड स्त्रियांसाठी राखलेली जागा. त्यावरून 'मुखद्दरा' म्हणजे पडद्यात ठेवलेली स्त्री आणि 'मुखद्दरात' हे तिचे अनेकवचन. अमली पदार्थांना म्हणतात तो शब्द 'मुखद्दिरात', म्हणजे बधिर करणारे. पहिले रूप कर्मवाचक, दुसरे कर्तृवाचक, आणि फरक एवढाच की एकात 'द' अकारान्त आहे व दुसऱ्यात त्याला इकार आहे. अरबी लिपीत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नसल्यामुळे कागदावर दोन्ही शब्द सारखेच दिसतात. शिवाय तुर्कीने १९२८ मध्ये रोमन लिपी स्वीकारली तेव्हा 'ख' आणि 'ह' यांना एकच अक्षर मिळाले, म्हणून आजच्या लेखनात 'मुहद्देरात' असे रूप आढळते.

त्या काळच्या तुर्कीत हा शब्द आदराचा होता. आपल्याकडे 'गोषातील स्त्रिया' किंवा 'पडदानशीन' म्हणताना जशी खानदानी प्रतिष्ठा सूचित होई, तशीच ती येथेही आहे. संस्कृतात याच्या सर्वांत जवळचा शब्द 'असूर्यंपश्या' (सूर्यही दृष्टीस न पडणारी) होय. १८३९ पासून ऑटोमन साम्राज्यात चाललेल्या 'तंझिमात' नावाच्या शासकीय सुधारणांच्या ओघात, १८६९ च्याच शिक्षणविषयक नियमावलीने मुलींच्या प्राथमिक शिक्षणाची तरतूद केली आणि पुढच्या वर्षी राजधानीत स्त्री-शिक्षिकांसाठी अध्यापनशाळा उघडली. अशा वेळी 'पडद्यातल्यांची प्रगती' हे नाव मला विसंगत वाटत नाही. ज्या घरांत अंक पोहोचवायचा होता, त्या घरांची भाषा त्याने स्वीकारली होती.

नंतरच्या नियतकालिकांची नावे पाहिली की वाचक स्त्रीला उद्देशून वापरलेला शब्द बदलत गेलेला दिसतो. १८८६ च्या 'शुकूफेजार'ने (फुलबाग, 'गुलजार'मधला 'जार' तोच) स्त्रीवाचक शब्दच टाळला, मात्र त्याच्या मालक आरिफे हानम यांनी, केस लांब पण अक्कल आखूड म्हणून पुरुषांनी जिची थट्टा केली त्या जमातीच्या आपण आहोत आणि हे खोटे ठरवून दाखवू, असे स्पष्ट लिहिले. १८९५ ते १९०८ एवढा दीर्घकाळ चाललेल्या 'हानमलारा मखसूस गजेते'त, म्हणजे 'खास हानमांसाठीच्या वृत्तपत्रा'त, फात्मा आलिये आणि त्यांच्या भगिनी एमिने सेमिये लिहीत. 'हानम' म्हणजे आपली 'खानम', अर्थात बाईसाहेब. १९१३ मध्ये नुरिये उल्विये यांनी काढलेल्या 'कादनलार दुन्यासी'त, म्हणजे 'स्त्रियांच्या जगा'त, साधा 'कादन' शब्द आला. तो 'खातून'शी सगोत्र आहे. स्त्रियांचे हक्क मान्य होईपर्यंत पुरुषांचे लेखन छापायचे नाही, असे त्या नियतकालिकाचे धोरण होते.

म्हणून मराठीत पहिल्या नावाचे भाषांतर 'स्त्रियांची प्रगती' असे सरसकट करू नये. त्यामुळे १८६९ आणि १९१३ यांतले अंतर पुसले जाते. 'गोषातील स्त्रियांची प्रगती' हे लांब असले तरी अचूक आहे.