एक मिनिटाची हाताने काढलेली ओपनिंग (गेमच्या सुरुवातीची छोटी फिल्म) एकट्या अ‍ॅनिमेटरला जमेल का? इंडी, म्हणजे छोट्या स्वतंत्र टीमच्या, गेमसाठी किती चित्रं लागतील?
जमेल, पण साधारण ७२० चित्रांची तयारी ठेवा. हिशोब सरळ आहे: सेकंदाला २४ फ्रेम (पडद्यावर एकामागून एक दिसणाऱ्या प्रतिमा), एक चित्र दोन फ्रेम धरलं की सेकंदाला १२. प्रत्येक फ्रेमला नवं चित्र हवं असेल तर थेट १,४४०. २०१७ साली आलेल्या ‘कपहेड’ या गेमचं अ‍ॅनिमेशन असंच कागदावर, २४ फ्रेमच्या हिशोबाने केलंय, पण त्यात अख्ख्या टीमची काही वर्षं गेली, तो नाद एकट्याने करू नये. अर्थात ७२० हा आकडा सतत हलणाऱ्या एकाच पात्राचा. नुसता कॅमेरा पार्श्वभूमीवरून सरकवला किंवा पात्र स्थिर ठेवून केस, पापण्या एवढंच हलवलं, तर तो निम्म्यावरही येतो. आधी स्टोरीबोर्ड (शॉटची कच्ची चित्रं क्रमाने) संगीतावर बसवून अ‍ॅनिमॅटिक, म्हणजे कच्चा व्हिडिओ करा आणि नको ते शॉट तिथेच कापा. रंगवून झालेला शॉट कापताना फार जिवावर येतं.