पदकाची कड

प्रिय लेकी,

पणजोबा पहिल्या महायुद्धात कुठे होते ते शोधायला तू पाठवलेला त्यांच्या पदकाचा फोटो मिळाला. राजाचं तोंड लख्ख दिसतंय, पण मला हवी आहे कड. पदक उन्हात तिरकं धर आणि कडेने फिरत गेलेली अक्षरं वाच. नंबर, हुद्दा, नाव, पलटण. पुसट असतील तर वर पातळ कागद धरून मऊ पेन्सिल घास. चिंच लावून पदक घासू नकोस. आमच्या आईकडच्या आजोबांचं पदक मी लहानपणी दिवाळीला असं घासलं आणि नंबरातला एक आकडा कायमचा गेला. ते मला अजून सलतं.

नावापेक्षा नंबरावर भिस्त ठेव. एकाच नावाचे कितीतरी शिपाई, त्यात कारकून कानाला येईल तसं इंग्रजीत लिहायचा. पलटणीचं नावही जुनंच धर. १९२२ साली फेररचना झाली, तेव्हा १०३वी, ११०वी, ११७वी मराठा या पलटणी पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या बटालियन झाल्या. आजच्या नावाने शोधशील तर १९१६ सालचा माणूस हाती लागणार नाही.

या तिन्ही पलटणी इराकमधल्या कूटच्या वेढ्यात होत्या. २९ एप्रिल १९१६ला शरणागती झाली आणि हजारो शिपाई तुर्कांच्या कैदेत गेले. म्हणून पणजोबाही कैदेत होते असं लगेच लिहू नकोस. आजारी म्हणून ते आधीच मागे आलेले असतील, किंवा भरतीच नंतरची असेल. पलटणींच्या रोजनिशी लंडनच्या क्यू भागातल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. त्यांत साध्या शिपायाचं नाव बहुधा नसतं, पण अमक्या दिवशी पलटण कुठे होती ते कळतं.

राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या यादीत पणजोबा सापडणार नाहीत, कारण ते परत आले आणि तिथे फक्त मेलेले आहेत. आणि मेलेल्यांनाही सारखा मान मिळाला नाही. इराकमधल्या बसऱ्याच्या स्मारकावर साध्या भारतीय शिपायांची नावं कोरलीच नाहीत, फक्त किती गेले तो आकडा. मला याचा अजून राग येतो.

परत आलेला माणूस सापडतो तो गावात. तहसीलला जाऊन कोतवाल बुकात मृत्यूची नोंद शोध. मग जुने फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कबदलाच्या नोंदी, काढ. मोडीत असतील तर मोडी वाचणारा गाठ, अंदाजाने वाचू नकोस. वारस नोंदीत मुलगे सापडतील, कधीकधी घरात कुणी नावही न घेतलेली एखादी मुलगीही सापडेल.

आमच्या आजोबांच्या नावावर लढाईनंतरच्या वर्षीचा एक फेरफार आहे. सावकाराकडचं गहाण सुटलं, सव्वा एकर. ते पलटणीत का गेले हे घरात कुणी कधी बोललं नव्हतं. मी ती ओळ वाचली आणि कचेरीच्या बाकावर बराच वेळ बसून राहिलो. तरी माझ्या वहीत त्या ओळीपुढे 'असावं' असंच लिहिलं आहे, कारण पगारातून गहाण सोडवलं असं त्या कागदावर कुठेही नाही.

तूही वहीत दोन रकाने कर, कागदावर दिसलेलं एकात आणि आपल्याला वाटलेलं दुसऱ्यात. आत्याकडून ऐकलेलं दुसऱ्यात लिही, पण लिहिल्याशिवाय राहू नकोस. तिचं वय झालंय, तिच्याकडे आधी जा.

नंबर वाचता आला की कळव.

तुझा,
काका