काळ्या-पांढऱ्या ठोकळ्यांचे जुने कॉम्प्युटर गेम खरंच घाबरवायचे का, की ही नुसती लहानपणीच्या आठवणींची गोडी?

हो, घाबरवायचे. ही नुसती लहानपणीच्या आठवणींची गोडी असेल, अशी शंका तुम्ही प्रश्नात घेतली आहे. ती माझ्या बाबतीत लागू पडत नाही, कारण ज्या गेमबद्दल सांगतोय तो मी लहानपणी पाहिलाही नव्हता. चाळिशीत आल्यावर इम्युलेटरवर, म्हणजे जुन्या मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर, पहिल्यांदा खेळलो. रात्रीचे अकरा वाजले होते, घरात सगळे झोपलेले. पहिल्याच डावात मी खुर्ची मागे सरकवली.

गेमचं नाव थ्रीडी मॉन्स्टर मेझ. माल्कम इव्हान्स यांनी तो १९८१ मध्ये सिंक्लेअर या ब्रिटिश कंपनीच्या झेडएक्स ८१ या घरगुती कॉम्प्युटरसाठी लिहिला आणि १९८२ च्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये जे. के. ग्रे सॉफ्टवेअरने बाजारात आणला. माझ्यापर्यंत तो उलट्या वाटेने आला. काकांकडे डेसिबेल्स या पुण्याच्या कंपनीचा डीबी स्पेक्ट्रम प्लस होता, म्हणजे सिंक्लेअरच्याच नंतरच्या स्पेक्ट्रम कॉम्प्युटरचा भारतीय अवतार. त्यावर मी इव्हान्स यांचाच ट्रॅशमॅन हा नंतरचा गेम खेळलो होतो. या माणसाने त्याआधी काय केलं होतं, ते शोधता शोधता हा हाती लागला.

मशीन कसलं होतं ते आधी समजून घ्या. झेडएक्स ८१ ची मूळ मेमरी १ किलोबाइट. या गेमसाठी १६ किलोबाइट मेमरीचा पॅक मागच्या बाजूला खोचावा लागे, आणि तो इतका डुगडुगे की कीबोर्डवर बोट जरा जोरात पडलं की सगळं उडालं. मग गेम भरायची कॅसेट पुन्हा पहिल्यापासून. रंग नाहीत, आवाज नाही. चित्र काढायचं तर एका अक्षराच्या जागेचे चार भाग करायचे आणि हवे ते काळे करायचे. ओळीत ३२ अक्षरं, अशा २४ ओळी, म्हणजे अख्ख्या पडद्यावर ६४ बाय ४८ ठोकळे. मोबाइलवरच्या एका आयकॉनमध्येही याहून जास्त ठिपके असतात.

एवढ्यात इव्हान्स यांनी भूलभुलैया उभा केला, तोही वरून दिसणारा नकाशा नव्हे. तुम्ही आत, बोळात उभे. दोन्ही बाजूंच्या भिंती लांब जाताना बारीक होत जातात आणि मध्ये वळणाच्या जागी फट दिसते. त्या बोळांत रेक्स नावाचा एक टायरॅनोसॉरस डायनासोर फिरतोय. सुरुवातीला जत्रेतल्या तंबूबाहेर ओरडतात तशी जाहिरात पडद्यावर येते. मग काळाचं धुकं साधारण ३० सेकंद तुमच्यावरून जाईल, असं सांगितलं जातं. खरं तर त्या वेळात कॉम्प्युटर नवा भूलभुलैया आखत असतो. मशीनच्या संथपणाचीच गोष्ट करून टाकली, हे मला फार आवडतं.

भीती मात्र चित्रात नाही, पडद्यावरच्या एका ओळीत आहे. सुरुवातीला ती सांगते, रेक्स दबा धरून बसलाय. मग, तो तुम्हाला शोधतोय. मग, पावलं जवळ येताहेत. आवाज तर नाहीच! पावलं ऐकू येत नाहीत, येताहेत एवढं फक्त वाचायचं. कुठून, ते कळत नाही. समोरचा बोळ रिकामा. वळलात, तोही रिकामा. आणि ओळ बदलते: रेक्सने तुम्हाला पाहिलंय.

आता बटणांकडे बघा. ७ दाबलं की पुढे, ५ डावीकडे, ८ उजवीकडे. मागे सरकायची सोयच नाही. म्हणजे रेक्स समोर दिसला आणि पळायचं असेल, तर आधी दोनदा वळून त्याच्याकडे पाठ करावी लागते. पाठ केली की तो दिसेनासा होतो, उरते फक्त ती ओळ: पळा, तो तुमच्या मागे आहे. माझ्या मते अख्खा गेम या एका गोष्टीवर उभा आहे. जीव वाचवायचा असेल तर त्याच्याकडे बघता येत नाही. माझी आठवीतली मुलगी एरवी एवढे मोठमोठे गेम खेळते, पण ही ओळ आली तेव्हा तिने की-बोर्डवरून हातच उचलला.

रेक्सचं चित्रही मन लावून काढलंय. लांबून तो चार-पाच ठोकळ्यांचा डाग. जवळ येतो तसा एक पाय, मग दुसरा पाय उचलताना दिसतो आणि शेवटी सबंध पडद्यावर जबडा.

गुणांची आखणीही तशीच बेरकी. बाहेर पडलात की २०० गुण, पण रेक्स मागावर असताना टाकलेल्या प्रत्येक पावलाला ५ गुण वेगळे. म्हणून बाहेर पडायचं दार सापडल्यावरही आत थांबून त्याला झुलवत राहायचा मोह होतो, आणि मी बहुतेक वेळा तिथेच सापडलोय.

आवडला तर इम्युलेटरवर जरूर खेळा, रात्री खेळा. पावलांची ओळ आली की एका जागी उभं राहून इकडेतिकडे वळत बसू नका, चालत राहा. आणि बोळाच्या टोकाला नक्षीचा एक चौकोन सारखा हलताना दिसला, तर तेच दार.