जुन्या लाकडी पॅनेलिंगवर थेट रंग मारला तर चालेल का?

तुमचा प्रश्न असा आहे: चारही भिंतींना गडद तपकिरी, चकचकीत पॉलिशचं जुनं पॅनेलिंग आहे, खोली अंधारी वाटते, पण उखडायचं नाही. घासाघाशी आणि प्रायमर टाळून वरून पांढरट रंग दिला तर टिकेल का?

नाही टिकणार. रंग लागेल, सुकेल, आठवडाभर छानही दिसेल. मग खुर्चीची पाठ घासली की तिथून पापुद्रा सुटेल, आणि जिथे सुटणार नाही तिथे पिवळट-तपकिरी डाग वर येतील. ही दोन वेगळी दुखणी आहेत. पापुद्रा सुटतो कारण चकचकीत पॉलिशला रंग धरायला काही मिळत नाही. डाग येतात ते लाकडातल्या टॅनिन या नैसर्गिक तपकिरी द्रव्यामुळे. टॅनिन पाण्यात विरघळतं, त्यामुळे पाण्यात मिसळायचा कुठलाही रंग त्याला स्वतःबरोबर वर ओढून आणतो. मग रंगाचे आणखी चार हात मारले तरी डाग पुन्हा डोकावतातच. पहिल्यावर उपाय घासणं, दुसऱ्यावर प्रायमर. एक केलं म्हणून दुसरं सुटत नाही.

आधी भिंतीवर नेमकं काय आहे ते बघा. मेन स्विच बंद करून स्विचबोर्डची प्लेट काढा आणि पॅनेलची कापलेली कड तपासा. अखंड लाकडाची फळी असेल तर वरच्या रेषा कडेतही आत गेलेल्या दिसतात. विनियर असेल तर वर लाकडाचा जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा थर आणि खाली प्लाय. सगळ्यात फसवा प्रकार म्हणजे हार्डबोर्ड किंवा एमडीएफवर (लाकडाच्या भुशाचा दाबून केलेला बोर्ड) लाकडाचं चित्र छापलेला कागद. तो ओळखायला सोपा: तीच गाठ, तशीच रेष ठरावीक अंतरावर पुन्हा पुन्हा येते. खरं लाकूड स्वतःची नक्कल करत नाही.

मग पॉलिश कुठलं ते. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवून कोपऱ्यात अर्धा मिनिट दाबून धरा. पृष्ठभाग चिकट झाला, बोळा तपकिरी झाला तर चपड्याचं (शेलॅकचं), म्हणजे फ्रेंच पॉलिश. स्पिरिटने काही झालं नाही पण थिनरने विरघळलं तर लॅकर. दोन्हींना दाद देत नसेल तर मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन), आणि घासायला सगळ्यात चिवट तेच. नखाने खरवडल्यावर मऊ, मेणचट काही निघालं तर वर मेण आहे. ते टर्पेंटाइनच्या फडक्याने, फडकं बदलत बदलत पूर्ण काढावं लागतं. त्याच फडक्याने पुसत राहिलात तर मेण फक्त इकडचं तिकडे होतं.

तळाची पट्टी फुगलेली, कुबट वास, काळे ठिपके असतील तर रंगाचं काम थांबवा. मागच्या भिंतीत ओल आहे, आणि रंगाने ती आत कोंडली जाते. वाजवून पोकळ आवाज येत असेल तर वाळवीची शंका घ्या.

आता सफाई. घासण्याआधी धुणं, हा क्रम उलटा करू नका. नाहीतर वर्षानुवर्षांचा तेलकटपणा सँडपेपरने रगडून पृष्ठभागात बसवला जातो. कोमट पाणी, भांड्यांचा साबण, पिळलेलं फडकं, मग साध्या पाण्याने दोनदा पुसणं. स्विचांभोवती आणि हात लागतो त्या उंचीवर जास्त वेळ द्या. फर्निचर चमकवायचा सिलिकॉनचा स्प्रे कधी वापरला असेल तर तो नीट काढा. राहिला तर प्रायमर तेवढ्या जागेवरून मागे सरकतो आणि गोल गोल डोळे पडतात.

घासायला 150 नंबरचा सँडपेपर, हाताने, रेषांच्या दिशेने. उद्देश चमक घालवण्याचा आहे, कोरं लाकूड उघडं पाडण्याचा नाही. विनियरवर मशीन चालवू नका, कडेला क्षणभर रेंगाळलं की खालचा प्लाय दिसतो. छापील कागदाच्या पॅनेलला 220 नंबर आणि अगदी हलका हात. खालचा भुरा बोर्ड दिसू लागला की थांबा. खाचांमध्ये कागद दुमडून किंवा भांडी घासायची हिरवी घासणी घाला. लोक नेमक्या खाचा सोडतात आणि रंग तिथूनच सुटायला लागतो. झाल्यावर टॉर्च भिंतीला चिकटवून तिरका धरा: जिथे अजून चकाकतंय तिथे काम बाकी आहे. पॅनेलवर आधीचा जुना ऑइल पेंट असेल तर त्यात शिसं असू शकतं. तो कोरडा घासून धूळ उडवू नका, आधी तपासून घ्या.

प्रायमरमध्ये माझा कौल स्पष्ट आहे. खरं लाकूड किंवा विनियर असेल, विशेषतः गाठींचं पाइन, ओक किंवा सागवान, तर चपड्याच्या बेसचा प्रायमर घ्या. तो टॅनिन आणि गाठींमधली राळ दोन्ही अडवतो आणि तासाभरात दुसऱ्या हाताला तयार होतो. तोटे: वास उग्र, वाफ पेटणारी (खिडक्या उघड्या, ज्योत-ठिणगी काही नाही) आणि ब्रश स्पिरिटमध्येच धुवावा लागतो. ऑइल-बेस प्रायमरही टॅनिन चांगलं अडवतो, फक्त रात्रभर सुकू द्या. त्याची फडकी गोळा करून ठेवू नका, पसरून वाळवा. बोळा आतल्या आत तापून पेट घेऊ शकतो. सनमायका आणि छापील कागदाखाली टॅनिनचा प्रश्न नाही, तिथे पाण्याचा बाँडिंग प्रायमर (गुळगुळीत पृष्ठभागाला धरून राहणारा) पुरतो.

सगळी भिंत रंगवण्याआधी दाराआड फूटभर चौकोन करून बघा. धुणं, घासणं, प्रायमर, वर रंगाचा एक हात, आणि दोन दिवस थांबा. ब्लेडने फुलीसारखे छेद द्या, त्यावर चिकटपट्टी दाबून झटक्यात ओढा. पट्टीवर रंग आला तर घासणं कमी पडलं. चौकोनात पिवळी छटा दिसली तर प्रायमरचा दुसरा हात हवा.

पुट्टी भरायचं काम प्रायमरच्या पहिल्या हातानंतर करा. पांढऱ्यावर भोकं आणि फटी आपोआप दिसतात. खिळ्यांच्या भोकांना लाकडाची पुट्टी घ्या. भिंतीची सिमेंटची पुट्टी लाकडावर टिकत नाही, तडकून गळते. छत आणि कोपऱ्यातल्या फटींना अॅक्रिलिक सीलंट चालतं, सिलिकॉन नको, कारण त्यावर रंग बसत नाही. पुट्टी केलेल्या जागी पुन्हा प्रायमरचा हात द्या, नाहीतर तेवढे ठिपके निस्तेज दिसतात.

खाचा बुजवून भिंत सपाट करावी का, हे बरेच जण पुढे विचारतात. करू नका. हवेतल्या दमटपणाबरोबर लाकूड आडवं फुगतं-आकसतं, आणि भरलेल्या प्रत्येक खाचेवर सरळ उभी चीर पडते. एकमेकांत अडकवलेल्या फळ्या असतील तर रंग कोरड्या हवेत द्या. तेव्हा फळ्या आकसलेल्या असतात, सांध्याच्या आत ब्रश पोचतो. दमट दिवसांत रंगवलंत तर पुढे हवा कोरडी झाली की प्रत्येक सांध्यात जुन्या तपकिरी रंगाची बारीक रेघ उघडी पडते.

रंग पाण्याचा अॅक्रिलिक एनॅमल, सॅटिन फिनिशचा, म्हणजे मंद चमकेचा. पांढरा ऑइल पेंट कमी उजेडाच्या खोलीत पिवळा पडतो, आणि तुमची खोली अंधारीच आहे. हाय ग्लॉस तर विसराच. पॅनेलचा प्रत्येक पोचा त्यात दिसतो. आधी खाचा दोन इंची ब्रशने, मग लगेच सपाट भाग लहान लवीच्या रोलरने. एका वेळी तीन-चार पॅनेल पुरे करत जा. सगळ्या खोलीच्या खाचा आधी रंगवून ठेवल्यात तर सुकलेल्या कडा रोलरखालून पट्ट्यांसारख्या दिसतात. खाचेत साचलेला रंग दहा मिनिटांनी कोरड्या ब्रशने ओढून घ्या, नाहीतर ओघळ तिथेच घट्ट होतो. दोन हातांच्या मध्ये 220 नंबरने हलकं घासून धूळ पुसा.

किती लागेल? 4 बाय 3 मीटरची, 2.7 मीटर उंचीची खोली धरली तर भिंती सुमारे 38 चौरस मीटर. दार-खिडकी वजा केली, खाचांचा वाढीव पृष्ठभाग धरला की आकडा पुन्हा तिथेच येतो. एका हातासाठी सुमारे 4 लिटर प्रायमर आणि दोन हातांना मिळून 7 ते 8 लिटर रंग लागतो. डब्यावरचा आकडा सपाट भिंतीचा असतो, म्हणून थोडा जास्तच आणा.

बोटाला रंग दोन तासांत कोरडा लागेल, पण पूर्ण कडक व्हायला दोन ते चार आठवडे जातात. तोवर कपाट भिंतीला टेकवू नका, चिकट हूक लावू नका. मास्किंग टेप मात्र शेवटच्या हाताचा रंग ओला असतानाच काढा. सुकल्यावर ओढलात तर कडेचा रंगही सोबत येतो.