न मागितलेल्या गोष्टीचे पैसे सक्तीने घ्यावेत का?

तुम्ही विचारलंय, ‘जे मी मागितलंच नाही, त्यासाठी माझ्याकडून सक्तीने पैसे घेणं न्याय्य कसं?’ माझ्या मते काही थोड्या गोष्टींसाठी ते न्याय्य आहे.

आमचं गाव अलिबाग तालुक्यात, खाडीकाठी. शेती सगळी खारीची, म्हणजे खाडीलगतच्या खारट जमिनीतली. उधाणाच्या भरतीला खाडीचं पाणी शेतांपेक्षा वर चढतं. मधे असतो मातीचा बांध आणि त्यातल्या उघाड्या, म्हणजे शेतातलं पाणी बाहेर सोडायची दारं. बांधाला खांड, म्हणजे भगदाड, पडली की खारं पाणी आत येतं, आणि जमिनीतलं मीठ पावसाने धुऊन निघेपर्यंत दोन-तीन वर्षं भात पिकत नाही. आता एखादा म्हणाला, ‘मला बांध नको, मी काही देणार नाही,’ तर त्याचं एकट्याचं शेत वगळून बांध घालता येत नाही. काही न देताही त्याचं शेत राखलं जातं. ते बघून पुढच्या वर्षी दुसरा हात आखडतो, मग तिसरा. यातला कोणीही वाईट नसतो, तरी बांध जातो. म्हणूनच पूर्वी कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यात शिलोत्री, म्हणजे बांध घालून खाडीतून मिळवलेल्या, जमिनींवर बाहेरचा बांध राखण्यासाठी दर बिघ्याला एक मण भात जादा द्यावं लागे. त्याला शिलोत्री मण म्हणत.

पण याच मुलखात २७ ऑक्टोबर १९३३ रोजी चरीला शेतकरी जमले आणि नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली त्यांनी खोतांच्या, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांच्या, जमिनी न कसण्याचं ठरवलं. संप १९३९ पर्यंत चालला. माणसं उपाशी राहिली, लाकूडफाटा विकून जगली, पण मागे हटली नाहीत. खोताचं भातही सक्तीचंच होतं. मात्र ते खोताच्या कोठारात जायचं, आणि किती द्यायचं यात कुळाला तोंड उघडायची सोय नव्हती. बांधाची वर्गणी देणाऱ्याच्याच शेताभोवती माती होऊन बसते. मला हा फरक सगळ्यात मोठा वाटतो. त्यामुळे कर सक्तीचा आहे का, यापेक्षा तो कुठे जातो आणि देणाऱ्याला हिशेब विचारता येतो का, हे मी आधी बघतो.

एका वर्षी आमच्याकडे डागडुजीची वर्गणी गोळा झाली आणि हिशेब काही पुढे आला नाही. राग आला होता, अजून आहे. तरी मी वर्गणी दिली आणि सोबत हिशेब मागणारा लेखी अर्ज दिला. पैसे अडवले असते, तर पाणी आधी बांधालगतच्या शेजाऱ्याच्या शेतात शिरलं असतं, आणि त्याने तर आपला वाटा केव्हाच भरला होता.