डिझेल कुणाचे, हप्ता कुणाचा: ट्रकचालकांची प्रश्नोत्तरे

प्रश्न (चालक, बारामती): दहा चाकी गाडी, भिवंडी–बेंगळूरु लाइन. एक मालक पगार आणि रोजची खुराकी (जेवणखर्च) देतो, पण डिझेल ठरलेल्या ॲव्हरेजनेच (लिटरला किती किलोमीटर) देतो. जास्त लागले तर पगारातून कापतो. दुसरा फेरीची ठोक रक्कम देतो, सगळा खर्च त्यातून, उरेल ते माझे. कोणाकडे राहू?

उत्तर: पगाराच्या आकड्याआधी ॲव्हरेजचा आकडा बघा. जाऊन-येऊन सुमारे 2,000 किलोमीटर. मालकाने साडेचारचा ॲव्हरेज धरला तर तुमच्या हातात 444 लिटर येते. भरलेली गाडी, घाट आणि ट्रॅफिक धरून प्रत्यक्षात चारच बसला तर लागते 500. तूट 56 लिटर, 90 रुपये लिटर धरला तरी 5,000 च्या वर. महिन्यात तीन फेऱ्या झाल्या की 15 हजार पगारातून गेले, आणि मालक चारचौघांत सांगत राहणार की मी 18 हजार देतो.

ॲव्हरेज ठरवायचा तर टाकी ते टाकी. निघताना सपाट जागेवर, नोझल आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरायची. परत आल्यावर त्याच पंपावर, त्याच जागी तशीच भरायची. वाटेत भरलेले धरून जितके लिटर बसले त्याने जीपीएसचे किलोमीटर भागायचे. अशा सलग तीन फेऱ्या मालकाबरोबर करा आणि प्रत्येक फेरीची काटा पावती (गाडीच्या वजनाची) जोडून ठेवा, कारण 12 टन आणि 18 टन मालाला एकच ॲव्हरेज लावणे हीच खरी लबाडी असते. मालकाच्या डोक्यात बहुतेक वेळा जुन्या गाडीचा आकडा असतो. 1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झाला आहे. तो इंजिनावर चालतो आणि डिझेल खातो. नव्या गाडीचा ॲव्हरेज नव्यानेच काढा.

ठोक रकमेचे दुखणे निराळे. टोल, वाराई (माल चढवण्या-उतरवण्याची मजुरी), काटा, पंक्चर, पोलीस आणि उशीर, सगळे तुमच्या अंगावर. साहजिकच माणूस टोल चुकवायला आतल्या रस्त्याने जातो, न झोपता गाडी मारतो, दोन टन जादा घेतो. जादा मालाचा दंड आहे 20,000 रुपये, वर प्रत्येक जादा टनाला 2,000. दोन टनांचे जादा भाडे मालकाचे आणि 24 हजारांचा दंड चालकाचा, असले व्यवहार सर्रास चालतात. ठोक घ्यायचेच असेल तर टोल मालकाच्या फास्टॅगवर आणि ओव्हरलोडचा दंड मालकाचा, या दोन अटी आधी लिहून घ्या.

आम्हाला विचाराल तर पगार, दिवसावर खुराकी, आणि मोजून ठरवलेल्या ॲव्हरेजच्या वर वाचलेल्या डिझेलमध्ये निम्मा वाटा, ही पद्धत बरी. उचल, फेरी खर्च आणि खुराकी वहीत तीन वेगळ्या रकान्यांत लिहा. तिन्ही एकाच रकान्यात गेले की वर्षअखेर तुमच्याच नावावर उचल निघते. प्रत्येक फेरीचा हिशोब गाडी खाली झाली की लगेच, आणि त्यावर मालकाची सही.

प्रश्न (चालक, जालना): गाडी कंपनीच्या गेटवर तीन-तीन दिवस खाली होत नाही. त्या दिवसांचे कोण देणार?

उत्तर: खुराकी फेरीवर असेल तर कोणीच नाही, म्हणून ती दिवसावर ठरवा. हॉल्टिंगचे (गाडी अडकून राहिल्याचे) पैसे ट्रान्सपोर्टवाल्याकडून मालकाला मिळतात, पण बिल्टीवर (मालाच्या वाहतूक पावतीवर) ‘इतके तास मोफत, पुढे दिवसाला इतके’ हे माल भरतानाच लिहिलेले असेल तरच. गेटवर पोचल्याबरोबर रजिस्टरमधल्या नोंदीचा फोटो काढा आणि पोच पावतीवर आत-बाहेरची वेळ टाकून घ्या. वेळ नसलेली पोच हॉल्टिंगच्या भांडणात कामाची नाही. ई-वे बिलाकडेही (माल नेण्यासाठीचा जीएसटीचा ऑनलाइन कागद) लक्ष असू द्या. साध्या मालाला 200 किलोमीटरला एक दिवस मिळतो, आणि मुदत वाढवायची ती संपण्याच्या आधीच्या किंवा नंतरच्या 8 तासांतच.

प्रश्न (चालक, सांगोला): ओळखीच्या माणसाची गाडी चालू हप्त्यांवर मिळते आहे. तीन लाख रोख द्यायचे, उरलेले 26 हप्ते मी भरायचे, फिटले की गाडी माझ्या नावावर. 500 च्या स्टॅम्पवर नोटरी करू म्हणतो. चालेल का?

उत्तर: नाही. आमच्याकडे सर्वाधिक बुडालेली माणसे याच व्यवहारातली असतात.

आरसीवर (गाडीच्या नोंदणी पुस्तकावर) फायनान्स कंपनीचा बोजा, म्हणजे कर्जाची नोंद आहे. त्यांच्या लेखी संमतीशिवाय आरटीओ नाव बदलत नाही, आणि तुमच्या नोटरीशी फायनान्सला काही देणेघेणे नाही. तुम्ही 26 हप्ते वेळेवर भरलेत, तरी मूळ मालकाने त्याच कंपनीकडून दुसरी गाडी घेतली असेल किंवा तो कोणाला जामीन राहिला असेल, तर ते थकले की तुमच्या गाडीची एनओसी (फायनान्सचा ना-हरकत दाखला) अडते. कर्ज फिटलेली गाडी वर्षभर नावावर होत नाही ती यामुळे. कर्जाच्या करारात तसे कलम आहे का, ते मालकाकडून करार मागून वाचा.

याहून वाईट भाग विम्याचा. चालक-मालकाला सक्तीचा 15 लाखांचा अपघात विमा असतो, पण तो आरसीवर आणि पॉलिसीवर नाव असलेल्या, लायसन्सवाल्या मालकालाच. गाडी तुम्ही चालवता, नाव दुसऱ्याचे. तुम्ही त्याचे पगारी चालकही नाही. तुमचे काही बरेवाईट झाले तर घरच्यांच्या हाती काय लागणार? गाडी देणाऱ्यानेही ऐकावे: फेब्रुवारी 2018 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की आरसीवर ज्याचे नाव, अपघाताच्या भरपाईला तो जबाबदार. विकली म्हणून सुटका नाही.

गाडी पसंतच असेल तर मालकाला घेऊन फायनान्सच्या शाखेत जा आणि कर्ज स्वतःच्या नावावर करून मागा. त्याआधी कर्जाचे ताजे स्टेटमेंट काढा, कारण हप्ता चुकल्यावरचे दंड पासबुकात दिसत नाहीत. प्रलंबित चलन, कर, परमिट आणि फिटनेस ऑनलाइन तपासा. आठ वर्षांपर्यंत फिटनेस दोन-दोन वर्षांचे, पुढे दरवर्षी. फायनान्सची संमती आली की फॉर्म 29 आणि 30 वर नाव, 35 ने जुना बोजा कमी, 34 ने तुमचा नवा बोजा. नाव चढले की 14 दिवसांच्या आत विमा बदलण्याचा अर्ज द्या. शाखा ‘नाही’ म्हणाली तर तीन लाख खिशातच राहू द्या.

प्रश्न (चालक, नाशिक): आमची कंपनी चालकांना गाड्या देते आहे. हप्ता भाड्यातून कापणार, 48 महिन्यांनी गाडी आपली. घ्यावी का?

उत्तर: आधी हिशोब मांडू, आकडे धरलेले आहेत, तुमचे घाला. 20 लाखांचे कर्ज, ‘फक्त 7 टक्के’ फ्लॅट (शेवटपर्यंत पूर्ण 20 लाखांवर व्याज), हप्ता 53,333. घटत्या शिलकीवर हाच दर पावणेतेराच्या आसपास जातो. विमा, कर, देखभाल धरून महिन्याचा बांधील खर्च 69 हजार. डिझेल 90 रुपये आणि ॲव्हरेज चार, म्हणजे किलोमीटरला साडेबावीस. टायर 20 हजारांचा, दहा टायर 80 हजार किलोमीटर गेले तर अडीच रुपये. डिझेलच्या पाचेक टक्के युरिया (धूर साफ करायला लागणारे द्रव) धरला की किलोमीटरला साडेपंचवीस झाले. टोल कंपनीचा.

कंपनी 38 रुपये देते समजा. महिन्याला 7,000 किलोमीटर मिळाले तर 2,66,000 मधून 2,47,500 जाऊन उरतात 18,500, म्हणजे साधारण चालकाचा पगारच. किलोमीटर 5,000 वर आले की 6,500 खिशातून. किती किलोमीटर द्यायचे हे कोण ठरवते? कंपनीच. हीच या योजनेची मेख.

म्हणून करारात महिन्याच्या किमान किलोमीटरची हमी हवी. कमी दिले तर फरक कंपनीने भरायचा. डिझेल वाढले की दर कसा वाढेल, त्याचे सूत्र हवे. आरसीवर पहिल्या दिवसापासून कोणाचे नाव? बाहेरचे भाडे मारता येईल का? आणि 40 व्या महिन्यात कंपनीने काढले किंवा तुम्ही सोडले, तर भरलेल्या हप्त्यांचे काय? या शेवटच्या प्रश्नाला उत्तर ‘जप्त’ असेल, तर तुम्ही गाडी विकत घेत नाही, भाड्याने चालवता, आणि दुरुस्तीही तुमचीच. अमेरिकेत याच धर्तीच्या करारांची चौकशी करायला सरकारने नेमलेल्या समितीने जानेवारी 2025 च्या अहवालात त्यांवर बंदी घाला, असेच सुचवले.

प्रश्न (मालक-चालक, कराड): दोन हप्ते थकले. वसुलीवाल्यांनी भरलेली गाडी हायवेवर अडवून नेली. माल दुसऱ्याचा आहे.

उत्तर: त्यांचा बोजा गाडीवर आहे, मालावर नाही. आजच बिल्टी आणि ई-वे बिलाची प्रत जोडून शाखेला आणि जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी द्या, आणि दुसऱ्या गाडीत माल उतरवून घ्या. उशीर झाला तर शॉर्टेज (मालातली तूट) तुमच्या माथी. गाडीत काय काय होते (स्टेपनी, जॅक, ताडपत्री, बॅटऱ्या) याची सहीची यादी मागा, नंतर ते सापडत नाही. ताब्यापूर्वी किती दिवसांची नोटीस द्यायची आणि विक्रीपूर्वी शेवटची संधी कशी द्यायची, हे रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे कर्जाच्या करारात लिहिलेले असते. नोटीस नव्हती किंवा दमदाटी झाली तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे, 30 दिवसांत उत्तर नाही आले तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. वसुलीचे फोनही सकाळी 8 ते संध्याकाळी 7 याच वेळेत करता येतात. लिलावाची तारीख लेखी मागा, कारण गाडी स्वस्तात गेली तर उरलेली रक्कम तुमच्याच नावावर राहते.